निळे उंदीर, पिवळे उंदीर

आमच्या ॲनिमल हाउसमध्ये सगळ्याचं रजिस्टर असतं. उंदरांच्या वजनाचं, खाद्याचं, खोलीच्या तापमानाचं, आत कोण गेलं आणि किती वाजता बाहेर आलं याचं. फक्त किश्शांचं रजिस्टर तेवढं कुणी ठेवलेलं नाही! त्यामुळे ते सगळे माझ्याच डोक्यात साठत गेलेत. आता चार मित्र जमले की चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणतं, "ए वैदेही, उंदरांचं सांग ना!" मग मी सुरू होते आणि माझा चहा गार होतो.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परळला एका संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर आमचं ॲनिमल हाउस आहे. मी तिथे रिसर्च असिस्टंट. आमचा विषय फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठण्याचा आजार. उंदरांना काही आठवडे तुपकट खाद्य द्यायचं, त्यांच्या यकृतात चरबी साठू द्यायची, आणि मग त्यांना रोज थोडा वेळ बंद पेटीत बसवून हवेतून जरासा हायड्रोजन हुंगायला द्यायचा. त्याने यकृत सुधारतं का ते बघायचं. एवढंच! पण हे "एवढंच" बाहेर कुणाला सांगायला गेलं की पंचाईत होते.

*

पहिली पंचाईत आमच्या गिरगावातल्या चाळीतच झाली. आईने कौतुकाने शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमची वैदेही उंदरांना गॅस देते." झालं! संध्याकाळी मी घरी येते तर काकू दारात उभ्या. हातात रिकामी बाटली.

"अगं, आमच्या मोरीत दोन घुशी आहेत. तुमचा तो गॅस जरा आणशील का? झाकण घट्ट बसतं हो हिचं."

मी म्हटलं, "काकू, आमचा गॅस मारायचा नाही. आमचा गॅस उंदरांना बरं करायचा आहे."

काकूंनी बाटली खाली केली. "उंदरांना बरं करायचा?"

"हो."

"इतकं शिकून?"

आईने तेव्हापासून चाळीत "ती औषधांच्या लाइनमध्ये आहे" असं सांगायला सुरुवात केली.

*

आमच्याकडचा खरा माणूस म्हणजे परब मामा. ॲनिमल अटेंडंट. वडील लालबागच्या गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं, राहायला भोईवाड्याच्या चाळीत. गेली तीस वर्षं मामा उंदरांचे पिंजरे धुतायत, भुसा बदलतायत, पाणी भरतायत. आमच्याकडे नवीन आलेल्याला उंदीर धरायला मामाच शिकवतात. मी पहिल्यांदा धरायला गेले तेव्हा दोनदा हात मागे घेतला. मामा म्हणाले, "बाय, तेका भिया नको. तो तुका भियालोहा." आणि खरंच, त्या एवढ्याशा जिवाचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं.

तर आमचा अभ्यास सुरू व्हायच्या आधी मॅडमनी सगळ्यांची मीटिंग घेतली. मॅडम म्हणजे डॉ. रेगे, आमच्या प्रमुख. अत्यंत शिस्तीच्या. त्या फळ्यावर यकृताचं चित्र काढून समजावत होत्या, आधी चरबी साठते, मग सूज येते, मग आत व्रण पडत जातात. मामा शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि मीटिंगमध्ये कधी तोंड उघडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"मॅडम, आमच्या घरी हिला हेच झालंय."

मामींना! कुणालाच माहीत नव्हतं. चरबीच्या पुढे जाऊन व्रण पडायला लागले होते. मामी दारूच्या वासानेही तोंड फिरवणाऱ्या, मामा स्वतः सुपारीसुद्धा न खाणारे. पण लिव्हर हा शब्दच असा आहे की तो चाळीत पोचल्यावर लोक भलत्याच ठिकाणी बघायला लागले.

"सगळे माझ्याकडे संशयान बघतत, बाय," मामा मला नंतर म्हणाले. "म्हणतत, बायलेचा लिव्हर गेला म्हणजे घोव पिणारो आसतलो. लिव्हर तिचा खराब आणि नाव माझा खराब!"

मी हसले, तेही हसले. मग हसता हसता त्यांनी विचारलं, "माणसांका ह्यो गॅस कधी गावतलो?"

मी म्हटलं, "मामा, आधी उंदरांवर गुण यायला हवा. मग मोठी जनावरं, मग माणसं. वर्षं जातात."

"वर्षां," ते म्हणाले. मग बादली उचलून पिंजरे धुवायला गेले.

*

आता निळा-पिवळा काय प्रकार ते सांगते. अर्ध्या उंदरांना गॅस आणि अर्ध्यांना नुसती हवा द्यायची, पण कुणाला काय मिळतंय ते आमच्यापैकी कुणालाही कळू द्यायचं नाही. कारण कळलं की माणूस नकळत एका बाजूला झुकतो. म्हणून दोन पेट्या, एकीला निळी पट्टी, दुसरीला पिवळी. कुठल्या पेटीत काय जातं ते कुलूपबंद कपाटातल्या नळ्यांवर ठरलेलं, आणि किल्ली आकडेवारी बघणाऱ्या सरांकडे. मॅडमनी ताकीदच दिली होती, "अंदाज बांधायचा नाही, बोलायचा नाही, चेहऱ्यावरही दाखवायचा नाही!"

गॅस सुरू व्हायच्या सकाळी मामांनी मला हळूच विचारलं, "बाय, एक गाऱ्हाणां घालू?" कोकणात कुठलंही काम काढायचं तर आधी देवाला उभ्याने गाऱ्हाणं घालतात, बाकीच्यांनी मध्ये मध्ये "होय म्हाराजा" म्हणायचं. मी म्हटलं, घाला पटकन, मॅडम यायच्या आहेत. मामा निळ्या पेटीसमोर उभे राहिले, हात जोडले, मास्कच्या आतून सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," मी आणि झाडूवाल्या मावशी.

"आज ह्या ठिकाणी ह्यो जो गॅस सुरू जातासा, तेचो ह्या लेकरांका गुण येवंदे..."

"होय म्हाराजा!"

"ही जी काय पीडा माणसांच्या लिव्हराक लागलीहा, ती ह्येंच्या वाटेन भायर जावंदे..."

"होय म्हाराजा!" आता आवाज तीन आले. मागे बघते तर मॅडम! गाऊन, टोपी, मास्क, हात पाठीमागे बांधलेले. माझी पाचावर धारण बसली.

मॅडम म्हणाल्या, "परब, तुम्ही हे फक्त निळ्या पेटीसमोर का म्हणताय?"

"ती दाराजवळ आहे म्हणून, मॅडम."

"असं नाही चालणार. दोन्ही गटांना सगळं सारखं मिळालं पाहिजे. पिवळ्यासमोरही हेच म्हणा. शब्दसुद्धा बदलू नका."

मामांनी पिवळ्या पेटीसमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं. मग जाता जाता विचारलं, "पण मॅडम, देवाला तरी ठाऊक असणार ना, कुठल्या पेटीत खरा गॅस आहे?"

"असेल," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी सांगायचं नाही!"

*

याच्या आधीचा एक किस्सा सांगायचा की नाही, याचा मी दर वेळी विचार करते. तुपकट खाद्य चालू होतं तेव्हाचा.

त्या आठवड्यांत मामींना डॉक्टरांनी तेल, तूप, तळण, नारळ सगळं बंद केलेलं. मालवणी माणसाला नारळ बंद! मामा घरी फिक्कट भाजी जेवायचे, तिच्यासमोर आपण कसं वेगळं खायचं म्हणून. आणि इथे सकाळी येऊन त्याच हातांनी उंदरांना चरबीच्या गोळ्या घालायच्या. मला हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

एका शनिवारी वजनं करताना सात नंबरचा पिंजरा गडबडला. बाकी सगळे फुगलेत आणि हे तिघे आहेत तिथेच! मी काटा तपासला, पट्ट्या तपासल्या, शेवटी खाद्याचं रजिस्टर उघडलं. मामांचं अक्षर शाळेतल्या पोरासारखं, गोल गोल. लिहिलं होतं: "पिंजरा ७. तुपाचे खाद्य दिले नाही. साधे दिले. कारण: हात चालला नाही."

तीच ओळ, लागोपाठ पाच दिवस. खाली सही.

मी रजिस्टर घेऊन मॅडमकडे गेले. आता मामांची नोकरी जाणार असंच मला वाटत होतं. मॅडमनी पाचही ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"हे लपवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "दिलं असं लिहिलं असतं तर आपण कारण शोधत बसलो असतो. सात नंबर अभ्यासातून बाद. तशी नोंद कर."

"आणि मामा, मॅडम?"

"परब पिंजरे धुतील. खाद्य उद्यापासून मी घालीन."

आणि खरंच, पुढचे सगळे दिवस सकाळी साडेसातला डॉ. रेगे, आमच्या प्रमुख, प्रभादेवीहून येऊन उंदरांना गोळ्या घालत होत्या! मामा शेजारी उभे राहून सांगायचे, "मॅडम, जरा कोपऱ्यात टाका, त्यांना तिथे आवडतं." मॅडम निमूटपणे कोपऱ्यात टाकायच्या.

*

मध्येच एक गंमत. गणपतीच्या आधी आमच्या भागात मूर्तींचं आगमन असतं, म्हणजे ढोलताशे आलेच. एका मंडळाची मिरवणूक आमच्या मागच्या गल्लीतून जाणार होती, ऐन गॅस चालू असण्याच्या वेळेत. उंदीर दिवसा झोपणारा प्राणी, आवाजाने भेदरतो, भेदरला की रक्तातले आकडे बदलतात. मॅडम सरळ मंडळाच्या ऑफिसात गेल्या, बरोबर मी. अध्यक्ष म्हणजे गळ्यात चेन, कपाळाला भला मोठा टिळा. मला वाटलं, आता आमची खिल्ली उडणार.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे बाप्पाच्या वाहनाची झोपमोड होते, असंच ना?"

"शास्त्रीय भाषेत वेगळं आहे," मॅडम म्हणाल्या, "पण हो, तसंच."

"मग टेन्शन नाय. आपण करू ना ॲडजस्ट!"

रविवारी मी खिडकीतून बघत होते. गल्लीच्या तोंडाशी ढोल एकदम थांबले. मग चाळीस-पन्नास पोरं, कमरेला ढोल बांधलेली, टिपऱ्या काखेत धरून, चवड्यांवर चालत आमच्या भिंतीजवळून गेली. मागून तेवढी मोठी मूर्ती, आणि सगळीकडे चिडीचूप! अध्यक्ष खिडकीपाशी थांबले आणि मला कुजबुजत विचारलं, "झोपलेत ना?"

मी मान हलवली. त्यांनी पोरांना अंगठा दाखवला. पुढच्या नाक्यावर जो काही गजर झाला, तो शीवपर्यंत ऐकू गेला असेल!

*

अभ्यास संपला की यकृत तपासावं लागतं, म्हणजे उंदीर राहत नाहीत. हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो. त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून सगळी काळजी घेतात, नियमही कडक आहेत, पण दिवस वाईट असतो तो असतोच. त्या दिवशी मामा कुणालाही पिंजऱ्याला हात लावू देत नाहीत. एकेक उंदीर स्वतः छातीशी धरून, हळू चालत नेतात. त्यांच्या हातात उंदीर शांत असतो.

मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला इतका त्रास होतो, तर दुसऱ्या कुणाला का नाही सांगत?"

"त्रास होता म्हणान तर मी नेतंय," मामा म्हणाले. "जेका त्रास होणा नाय, तेच्या हातात तेका कशाक देऊ?"

मी त्यांच्यासाठी दार उघडून धरायला लागले. मला तेवढंच जमत होतं.

*

आता शेवटचा सांगते. हा गॅस चालू असतानाच सुरू झाला.

पेट्यांमधली वापरलेली हवा खोलीत सोडता येत नाही, म्हणून भिंतीतून दोन नळ्या मागच्या गल्लीत काढलेल्या होत्या. एक निळ्या पट्टीची, एक पिवळ्या. एका दुपारी आईचा फोन आला म्हणून मी मागच्या दाराने गल्लीत गेले. बघते तर पिवळ्या नळीखाली आमच्या लॅबचं उंच लोखंडी स्टूल, आणि त्यावर फोटोत बघितलेल्या मामी! मांडीवर ताट, ताटात वाल. शांतपणे वाल सोलत बसलेल्या.

मला बघून मामी ओशाळल्या. तेवढ्यात मामा आले. माझं तोंड बघून त्यांना कळलंच.

"बाय, मॅडमना सांगा नको," ते म्हणाले. "उंदरांची उरलेली हवा ती. वायाच जाता."

"पण पिवळीच कशावरून, मामा?"

"पिवळे उंदीर जरा जास्त खेळतत. तीस वर्षां बघतंय मी. पिवळ्यातच गॅस आसा."

आता यांना कसं सांगायचं! मी म्हटलं, "मामा, हा गॅस सगळ्यात हलका असतो. नळीतून बाहेर पडला की सरळ वर जातो. खाली काही मिळत नाही."

"म्हणान तर उंच स्टूल घेतलंय!" मामा म्हणाले.

मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चुकलंच माझं, पण परत तशी वेळ आली तरी नाही सांगणार.

त्यानंतर मामी रोज यायच्या. डॉक्टर कधीपासून चाला चाला म्हणून सांगत होते, ते त्यांनी एकदाही मनावर घेतलं नव्हतं. गॅससाठी मात्र भोईवाड्याहून चालत यायच्या, मामांचा डबा घेऊन. मामा जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन भिंतीला टेकून जेवायचे. मामी स्टुलावर, नळीकडे तोंड करून. मध्येच मामा म्हणायचे, "खोल श्वास घे गे," आणि मामी खोल श्वास घ्यायच्या. लग्नाला तेहतीस वर्षं झालेली; मामी म्हणाल्या, मामांच्या कामाची जागा त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

तीन महिन्यांनी मामींची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आजार आहे तिथेच आहे, वाढलेला नाही, हेही चांगलंच. मामा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. मॅडमनी विचारलं, "कशाबद्दल?" मामा म्हणाले, "असेच." पिवळ्या उंदरांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे काही होतं, ते बघून मी रजिस्टरात तोंड खुपसायचे.

आणि मग निकालाचा दिवस आला. सगळी यकृतं तपासून झालेली, आकडे मांडलेले, फक्त कुणाला काय मिळालं तेवढं उघडायचं. पेट्या रिकाम्या होत्या, पण नळ्यांच्या तपासणीसाठी गॅस त्या दिवसापर्यंत चालूच ठेवला होता. आकडेवारीच्या सरांनी कुठल्या पेटीत काय ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. मामा दाराशी, हातात झाडण.

"निळ्यांना हायड्रोजन," सर म्हणाले. "पिवळ्यांना साधी हवा."

निळ्यांच्या यकृतात चरबी कमी होती. सगळ्यांच्या नाही, खूपही नाही, पण कमी होती! मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मामांकडे बघितलं. त्यांनी झाडण घडी घालून खिशात ठेवलं आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

मी पाठोपाठ गेले, पण दारातच थांबले. मामी स्टुलावर बसल्या होत्या, डब्याची पिशवी मांडीवर.

"काय निघाला ओ?" त्यांनी विचारलं.

"निळो," मामा म्हणाले.

"आणि आपलो?"

"आपली साधी हवा गे." मामा भिंतीला टेकले. "माझा चुकला. तीन म्हयने तुका उगाच चालवलंय."

मामींनी मान वर करून दोन्ही नळ्या बघितल्या. एकदा निळी, एकदा पिवळी.

"मग स्टूल थंय सरकवा."

"आता कसला सरकवतलंय? गॅस संपलो. आजपासून दोनय बंद."

मामींनी पिशवीची गाठ सोडली, डबा काढला, झाकण उघडून मामांच्या हातात दिलं.

"बंद होवंदे," त्या म्हणाल्या. "स्टूल ऱ्हवांदे."